दिवस गेल्यापासून मूल सहा वर्षांचं होईपर्यंत: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून मी मराठवाड्यात बरीच वर्षं काढली. आता सेवेतून मोकळी झाले, पण फोन येतच असतात. पुण्यात नोकरी करणारी भाची विचारते, ऊसतोडीला निघालेली शेजारीण विचारते, कधी एखादे आजोबा नातवाचं वजन सांगून विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते एका जागी उतरवून काढले आहेत. माहिती महाराष्ट्रातली आहे. एक सांगणं मात्र जवळजवळ प्रत्येक उत्तरात येईल, त्याचा कंटाळा करू नका: नाव लवकर घाला, आणि जिथे राहायला असाल तिथे घाला.

पाळी चुकली आहे. सगळ्यात आधी कुठे जायचं?

गावात असाल तर आशाताईकडे. लघवी तपासायची पट्टी तिच्याकडे फुकट मिळते. दिवस गेल्याचं नक्की झालं की दोन ठिकाणी नाव घालायचं: उपकेंद्रात नर्सबाईंकडे आणि अंगणवाडीत सेविकाताईंकडे. पुष्कळ जणींना वाटतं की एका वहीत नाव गेलं की दुसरीकडे आपोआप जातं. तसं धरून चालू नका. एक खातं आरोग्याचं, दुसरं महिला व बालविकासाचं. शहरात असाल तर महापालिकेचा दवाखाना किंवा प्रसूतिगृह, आणि वस्तीतली अंगणवाडी. खासगी डॉक्टरांकडे दाखवत असलात तरी ही दोन्ही नावं घालता येतात, घालावीतच.

नोंद झाली की माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं. ते जपा. पुढे बाळाच्या लसीही त्याच्यावरच चढतात.

आपल्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर सांगायचं नाही अशी रीत आहे. मी ती मोडा म्हणत नाही. पाहुण्यांना, गल्लीला सांगू नका, पण नर्सबाईंना सांगा. बाळाचा मणका आणि मेंदू पहिल्या काही आठवड्यांतच घडायला लागतो आणि फोलिक अ‍ॅसिडची गोळी तेव्हाच कामाची असते. शिवाय हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असेल तर ते वर यायला महिने लागतात. सातव्या महिन्यात कळलं तर हातात वेळच उरत नाही. म्हणून १२ आठवड्यांच्या आत नाव घाला असं सांगतात.

सहावा महिना लागला, अजून नाव घातलेलं नाही. आता घेतील का?

घेतील. घ्यावंच लागतं. आठव्या-नवव्या महिन्यात आलेल्या बाईलाही परत पाठवायचा अधिकार कुणाला नाही. उशीर झाल्याबद्दल कुणी चार शब्द सुनावले तर ऐकून घ्या, पण नाव घातल्याशिवाय उठू नका. फक्त पैशांच्या योजनेला सहा महिन्यांची अट आहे, ती खाली सांगते.

अंगणवाडीत गरोदर बाईला काय मिळणार? तिथे तर मुलांची खिचडी असते.

हा समज फार जुना आहे. 'अंगणवाडी' हा शब्द ताराबाई मोडकांच्या कामातून आला. १९४५ साली ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळाही भरवली. शिक्षणाने माणसाच्या दारात जायचं, ही ती कल्पना. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरात ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्राला हेच नाव मिळालं. पण त्या योजनेत पहिल्या दिवसापासून मुलाबरोबर त्याची आईही होती, पोटात असल्यापासून.

तर गरोदर बाईला आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत स्तनदा आईला घरपोच आहार मिळतो. दिवसाला ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं, असा तो ठरवलेला आहे. कधी गहू, डाळ, कडधान्य असा शिधा येतो, कधी तयार पिठाची पाकिटं. हा आहार घरच्या जेवणाच्या वरचा आहे, त्याच्या ऐवजी नाही. पाकीट घरी गेलं की त्याची सगळ्यांसाठी भाकरी होते हे मी शेकडो घरांत पाहिलं आहे. सासूबाईंना माझं एवढंच म्हणणं असतं की हा वाटा पोटातल्या नातवाचा आहे, तो वेगळ्या डब्यात ठेवा. बहुतेक सासूबाई हे ऐकतात.

याखेरीज महिन्यातून एकदा अंगणवाडीत आरोग्य-पोषण दिवस असतो. नर्सबाई येतात, वजन, रक्तदाब आणि रक्त तपासतात, धनुर्वाताचं इंजेक्शन देतात. शिवाय दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून गरोदर बायकांची तपासणी होते. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत ती एकदा तरी चुकवू नका. जोखमीचं बाळंतपण तिथेच लक्षात येतं. काही ठिकाणी सेविका आणि गावातल्या बायका मिळून अंगणवाडीतच डोहाळजेवण करतात. ओटीत फळं आणि पालेभाज्या भरतात. जिचं घरी कुणी केलं नाही, अशा मुलीचा चेहरा त्या दिवशी पाहावा.

लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं. नाही घेतल्या तर?

घ्या. गरोदरपणात १८० दिवस रोज एक आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. जेवण झाल्यावर, रात्री झोपायच्या आधी घेतली तर मळमळ कमी होते. चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाणी चालेल. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या, दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका.

पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळतात म्हणे. कसे?

प्रधानमंत्री मातृवंदना योजना. पहिल्या बाळासाठी दोन हप्ते. गरोदरपणाची नोंद झाली आणि पाळीच्या तारखेपासून सहा महिन्यांत किमान एक तपासणी झाली की ३,००० रुपये. बाळाचा जन्म नोंदवला आणि १४ आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्या की २,००० रुपये. एप्रिल २०२२ पासून दुसरं अपत्य मुलगी झाली तर तिच्यासाठी ६,००० रुपये एकदम मिळतात.

पैसे बाईच्या स्वतःच्या, आधारला जोडलेल्या खात्यात येतात. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या खात्यात येत नाहीत. नवऱ्याच्या आधारची सक्ती आता नाही, त्यामुळे टाकलेल्या किंवा एकट्या बाईलाही अर्ज करता येतो. पात्रतेसाठी यादीतला एक कागद पुरतो: अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, किंवा कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्याचा दाखला. यादी याहून मोठी आहे, ती सेविकाताईंकडे बघून घ्या. बाळ २७० दिवसांचं व्हायच्या आत अर्ज गेला पाहिजे.

मी पाहिलेले अडकलेले अर्ज बहुतेक दोन कारणांनी अडकले होते: आधारवरचं नाव माहेरचं आणि पासबुकावरचं सासरचं, नाहीतर आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला. लग्न झाल्याझाल्या ही दोन कामं उरकून टाका. अंगणवाडीतला घरपोच आहार देतानाही आता मोबाइलवर चेहरा पडताळतात, तिथेही तो नंबर लागतो.

आधी गर्भ पडला असेल तर? त्या बाईला पुढच्या गरोदरपणात नव्याने पात्र धरतात. हे फार जणींना माहीत नसतं आणि विचारायला जीभ रेटत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

पहिलं बाळंतपण माहेरी होणार. मग नाव कुठे ठेवू?

दोन्हीकडे सांगून जा. सासरच्या सेविकेला आणि आशाताईला जायची तारीख सांगा, कार्ड बरोबर घ्या, माहेरी पोचलात की पहिल्या आठवड्यात तिथल्या अंगणवाडीत आणि उपकेंद्रात दाखवा. आहार आणि तपासण्या तिथे चालू होतात. "तुमचं नाव आमच्या गावात नाही" हे उत्तर नियमात बसत नाही.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण खरंच फुकट असतं का?

हो, आणि सीझर झालं तरी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. बाळंतपण, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, आणि दवाखान्यात असताना जेवण (साधं बाळंतपण असेल तर तीन दिवस, सीझर असेल तर सात दिवस) हे सगळं मोफत. घरून दवाखान्यात न्यायला गाडी, तिथून मोठ्या दवाखान्यात हलवायची वेळ आली तर गाडी, आणि परत घरी सोडायलाही गाडी. बाळ एक वर्षाचं होईपर्यंत आजारी पडलं तर त्याच्यावरही मोफत उपचार. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात पडली तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना शांतपणे विचारा. आवाज चढवायची गरज नसते, योजनेचं नाव घेतलं की पुरतं.

गाडीसाठी १०२. जिवावरचा प्रसंग असेल तर १०८.

दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांना जननी सुरक्षा योजनेतून ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये वेगळे मिळतात. ही रक्कम आजच्या दिवसांत तोकडी आहे, असं मला वाटतं. पण आहे ती सोडू नका.

बाळंतपणाची तारीख जवळ आली की चार गोष्टी ठरवून ठेवा: कोणता दवाखाना, कोणती गाडी, सोबत कोण, आणि घरातल्या मोठ्या मुलाला कुणाकडे ठेवायचं. ही चौथी गोष्ट लोक विसरतात आणि बाई कळा सुरू झाल्यावरही घरातून हलत नाही. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोंडावर-हातांवर सूज, झटके, ताप, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट पाहू नका.

आमचा पाडा दवाखान्यापासून फार लांब आहे. पावसात रस्ताही राहत नाही.

आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात 'माहेरघर' आहे. बाळंतपणाच्या काही दिवस आधी तिथे जाऊन राहायचं. बरोबर घरचं एक माणूस आणि लहान मूल आणता येतं, जेवणाची सोय असते. नाव अगदी योग्य ठेवलं आहे. आपल्या केंद्राला ते आहे का, हे सातव्या महिन्यातच विचारून ठेवा.

अनुसूचित क्षेत्रातल्या अंगणवाड्यांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनाही आहे. गरोदरपणाच्या शेवटी-शेवटी आणि बाळंतपणानंतर काही महिने बाईला रोज एक वेळचं पूर्ण गरम जेवण मिळतं: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं किंवा केळं. मुलांनाही अंडी किंवा केळी मिळतात. हे जेवण अंगणवाडीत बसून जेवायचं असतं आणि त्यातच त्याचा गुण आहे. ते वाटून जात नाही, बाईच्याच पोटात जातं.

दिवाळी झाली की आम्ही ऊसतोडीला जातो. सून पाच महिन्यांची आहे. तिचं काय करायचं?

या प्रश्नाला मी थोडा जास्त वेळ घेते, कारण आमच्या भागातली निम्मी गावं दिवाळीनंतर रिकामी होतात.

एका वर्षी मार्चच्या शेवटी टोळ्या परत आल्या, तेव्हा एक मुलगी नववा महिना घेऊन अंगणवाडीत आली. जाताना तिला तिसरा महिना होता आणि घरच्यांनी सांगितलं नव्हतं. पाच-साडेपाच महिने फडावर, म्हणजे तोडणीच्या उसाच्या शेतात, काढले, मोळ्या वाहिल्या, एकदाही रक्तदाब मोजला गेला नाही. कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर अंगणवाडी होती, ती तिला माहीत नव्हती; तिथल्या सेविकेला ही माहीत नव्हती. बाळ जगलं, वजन दीड किलोच्या आसपास होतं. त्या मुलीचं नाव माझ्या वहीत नव्हतं, ही चूक आमचीही होती. त्यानंतर दसऱ्याच्या आधी टोळीतल्या प्रत्येक घरात जाऊन विचारायचं, असं आम्ही सेविकांनी ठरवून टाकलं.

तुम्ही असं करा. निघायच्या आधी तपासणी आणि कार्ड करून घ्या. कोणता कारखाना, कोणतं गाव, मुकादम कोण, हे सेविकाताईंना लिहून द्या. स्थलांतर करणाऱ्या बायका-मुलांची नोंद एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कळवण्याची पद्धत राज्यात आहे, पण तुम्ही सांगितलं तरच ती चालते. लोहाच्या गोळ्या जास्तीच्या मागून घ्या. तिकडे कोपी, म्हणजे राहायची झोपडी, उभी राहिली की घरातल्या कुणी तरी जवळची अंगणवाडी शोधायची. रहिवासी दाखला मागितला तर सांगा की लागत नाही. सहा वर्षांच्या आतलं मूल आणि गरोदर बाई जिथे आहे, तिथली अंगणवाडी तिची.

आणि जमलं तर सुनेला सातव्या महिन्यानंतर फडावर ठेवू नका. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा, हिशेब असतो, हे मला कळतं. तरी सांगते.

बाळंतपण होऊन घरी आलो, आता आशाताई सारखी का येते?

तिला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायचंच असतं. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ती बाळाचं वजन करते, अंग गार आहे का बघते, श्वास मोजते, नाळ बघते, आईला विचारते. यामागची गोष्ट आपल्याच राज्यातली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. बालमृत्यू झपाट्याने कमी झाले. १९९९ मध्ये ते निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि २०११ पासून घरभेटींची ही पद्धत देशभरच्या आशांच्या कामात आली. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही भेटी ठरल्या.

नवजात बाळाच्या त्या साऱ्या भेटींचे मिळून आशाला २५० रुपये ठरवले गेले. उन्हातून आलेल्या त्या बाईला आधी पाणी द्या.

बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडत असेल, छाती आत ओढली जात असेल, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत गेला असेल, झटके येत असतील किंवा नाळेतून पू येत असेल, तर तिच्या पुढच्या भेटीची वाट न पाहता दवाखाना गाठा.

दूध पुरत नाही असं सगळे म्हणतात. वरचं चालू करू का?

सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नको. गुटी, मध, साखरपाणी काही नको. मध तर वर्षाच्या आत धोक्याचाच. बाळ दिवसातून सहा-सात वेळा शू करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतं आहे. रडणं हे भुकेचंच असतं असं नाही. बहुतेक वेळा पाजायची बैठक चुकलेली असते. आशाताईला किंवा नर्सबाईंना समोर बसवून पाजून दाखवा. आईला भरपूर जेवू द्या. डिंक-हळिवाचे लाडू, बाजरी, शेपू, मेथी हे आपलं बाळंतिणीचं खाणं चांगलं आहे, पण तिचं वरण, भाजी, पाणी तोडू नका.

बाळ फार लवकर जन्मलं आणि आईला दूध नसलं, तर मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत मातृदूध पेढी असते. आशियातली पहिली पेढी १९८९ मध्ये मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. प्रवासात पाजायला एसटी स्थानकावर हिरकणी कक्ष शोधा. कुलूप असेल तर किल्ली मागा.

बाळंतीण सारखी रडते, बाळाकडे बघत नाही. नजर लागली का?

पहिल्या काही दिवसांचं रडू बहुधा आपोआप ओसरतं. दोन आठवडे उलटूनही तेच असेल, झोप उडाली असेल, "मी नसते तर बरं" असं बोलत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. स्वतःला किंवा बाळाला काही करून घेईल असं वाटलं, तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. घरातल्यांनी "आमच्या वेळी नव्हतं असं" हे वाक्य गिळून टाकावं. तेव्हाही होतं. त्या बायका गप्प राहिल्या.

लस टोचली की ताप येतो. पुढची नाही दिली तर?

ताप येणं म्हणजे लस कामाला लागणं. नर्सबाई तापाचं औषध आणि प्रमाण सांगतात, तेवढंच द्या. टोचलेल्या जागी चोळू नका, तेल-हळद लावू नका. जन्मल्यावर, मग ६, १०, १४ आठवडे, ९ महिने, १६ ते २४ महिने, आणि ५ वर्षं पूर्ण झाल्यावर, या त्या वेळा. एखादी हुकली तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेली पुढे देतात. नवव्या महिन्यापासून दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा डोसही असतो, पाच वर्षांपर्यंत. तो मागून घ्या, कारण टोचायचं संपलं की लोक तोही विसरतात.

सेविकाताईंनी दंडाला पट्टी लावून "लाल आलं" म्हटलं. म्हणजे काय?

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर मोजतात. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ पिवळं. लाल आलेल्या मुलाला भूक असेल आणि दुसरा आजार नसेल, तर ग्राम बालविकास केंद्रात, म्हणजे अंगणवाडीतच, दिवसातून अनेक वेळा जादा आहार आणि औषधं देतात. भूक मेलेली असेल, ताप, जुलाब किंवा सूज असेल, तर पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे आईसह राहावं लागतं, आणि आईच्या बुडालेल्या मजुरीचे पैसेही मिळतात. २००५ मध्ये महाराष्ट्राने कुपोषणासाठी राजमाता जिजाऊ मिशन उभं केलं, तेव्हापासून या कामाची घडी बसली.

आयांना "माझ्या मुलाला कुपोषित म्हणाले" याची लाज वाटते. लाजेपायी त्या पुढच्या वजनाला येत नाहीत आणि खरं नुकसान तिथे होतं. सहा महिन्यांनी उष्टावण झाल्यावर मुलाला नुसतं डाळीचं पाणी देत राहणं, हे मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेलं कारण आहे. पाणी नको, डाळ द्या. मऊ खिचडी, त्यावर तेल-तुपाची धार, कुस्करलेलं केळं, अंडं, शेंगदाण्याचं बारीक कूट. मुलाची वाटी वेगळी ठेवा, म्हणजे किती खाल्लं ते दिसतं.

दोन वर्षांचा झाला, अजून बोलत नाही. "बाप पण उशिरा बोलला" म्हणतात.

असेलही. पण तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहूनच सुरू झाला. जन्मतः व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर, हे सगळं ते बघतात. फाटलेला ओठ, वाकडं पाऊल, हृदयाचं छिद्र, ऐकू न येणं, यांवर पुढचे उपचारही मोफत होतात. न बोलणाऱ्या मुलाला आधी ऐकू येतं का ते बघायचं असतं. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आणि आठवडाभर आधी सेविकाताईंना सांगा की माझ्या मुलाला नीट बघायला लावा.

नोकरी आहे. रजा किती? आणि नंतर बाळ कुठे ठेवू?

पहिल्या दोन बाळांना २६ आठवडे पगारी रजा, तिसऱ्याला १२. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. कंत्राटी असलात तरी विचारा. ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक आहे आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं.

बांधकामावर असाल आणि कामगार मंडळात नोंद असेल, तर साध्या बाळंतपणाला १५,००० आणि सीझरला २०,००० रुपये मिळतात, दोन अपत्यांपर्यंत. इथेही नोंद आधीची हवी. बाळंतपण झाल्यावर नोंदवायला गेलेल्या बायका मला फार भेटल्या. मुंबईत काही बांधकामांवर मुंबई मोबाइल क्रेशेस ही संस्था पाळणाघरं चालवते. ठेकेदाराला विचारून बघा.

मुलगी झाली तर वेगळं काही आहे का?

पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आणि वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल, तर १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीसाठी लेक लाडकी योजना: जन्मल्यावर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षं झाल्यावर ७५,००० रुपये. अर्ज अंगणवाडीतच. पोटात काय आहे हे सोनोग्राफीत विचारू नका. तो गुन्हा आहे.

जन्माचा दाखला?

२१ दिवसांत नोंद. दवाखान्यात जन्म झाला तर ते कळवतात, पण दाखला हातात येईपर्यंत पाठपुरावा तुमचा. नाव ठरलं नसेल तरी नोंद करा, बारशानंतर वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलाला शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे हाच दाखला लागणार आहे.

बाळाच्या बाबांनी काय करायचं?

तपासणीला बरोबर जा आणि बाहेर टपरीवर थांबू नका, आत बसा. गोळ्यांची आठवण तुमची. बाळ कमी वजनाचं असेल तर उघड्या छातीवर कांगारूसारखं धरायचं असतं. त्याची ऊब आईइतकीच बापाचीही चालते. एका जवानाने रजेवर आल्यावर रोज चार-चार तास असं मूल धरलेलं मी पाहिलं आहे. बाळ अंगावर झोपलं की तो हलायचाही नाही.

अंगणवाडी बंदच असते, आहार दोन महिने आला नाही. कुणाला सांगू?

आधी सेविकेलाच विचारा. मानधन थकलेलं असतं, माल वरूनच आलेला नसतो, आणि बोलणी मात्र तीच खाते. मग मुख्यसेविका, मग तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारी, मग जिल्हा परिषद. तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या. हा आहार २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे, त्यामुळे राज्य अन्न आयोगाकडेही तक्रार जाते. ग्रामसभेत चार आया एकत्र उभ्या राहिल्या, की अर्ध्याहून जास्त प्रश्न तिथेच मिटताना मी पाहिले आहेत.

आमच्या वस्तीत अंगणवाडीच नाही.

मग मागा. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ ला सांगून ठेवलं आहे: ज्या गावात किंवा झोपडपट्टीत सहा वर्षांच्या आतली किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, त्यांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यायची. एक साधी वही घ्या, घरोघर फिरा. मुलाचं नाव, वय, आईचं नाव, सही किंवा अंगठा. नुकतीच जन्मलेली, अजून बारसं न झालेली बाळंही त्यात लिहा, 'अमुकचं बाळ' म्हणून. शेवटी एक पान गरोदर बायकांसाठी ठेवा. ती वही अर्जाला जोडून बालविकास प्रकल्प कार्यालयात द्या आणि झेरॉक्सवर शिक्का मारून घ्या.